गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी तो कधी येतो ते पाहा

गाडीत पेट्रोलचा वास आला की बहुतेक जण काचा खाली करतात, दोन दिवस वाट पाहतात आणि ‘आता येत नाही’ म्हणून विषय सोडून देतात. घात तिथेच होतो. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं. वास तसाच असतो, आपल्याला जाणवणं तेवढं थांबतं. म्हणून गाडीतून उतरून थोडा वेळ मोकळ्या हवेत थांबावं आणि मग दार उघडून पुन्हा वास घ्यावा. घरातल्या दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगितलं तर अधिक चांगलं. पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं आणि बेंझिनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. मुलं मागच्या सीटवर बसून तीच हवा घेत असतात, तेव्हा हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही.

वास उग्र असेल किंवा गाडीखाली ओलं दिसत असेल तर चावीला हात लावू नका. उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघते, मग आपल्याकडच्या हवेत काय होत असेल ते सांगायला नको. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये साचून राहते. अशी गाडी ढकलत उघड्यावर आणायची आणि मेकॅनिकला तिथेच बोलवायचं. सीएनजीचं उलट असतं. तो हवेहून हलका असतो आणि त्याला मुद्दाम गंधकयुक्त, कुजकट वास दिलेला असतो. दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी असेल तर वास कशाचा आहे हे आधी ठरवा.

वास मंद असेल, तर तो कधी येतो यावरून निम्मं निदान होतं.

टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर संशय झाकणाच्या रबरावर, टाकीच्या गळ्यावर किंवा कॅनिस्टरवर घ्यावा. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेला डबा. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ तयार होत राहते आणि ती बाहेर न सोडता या कोळशात शोषली जाते. एक ग्रॅम सक्रिय कोळशात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की त्यांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. पुढे इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टर आणि इंजिनाच्या मधली झडप, उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. कोळसा पुन्हा मोकळा होतो. ही व्यवस्था वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करू का?’ असा प्रश्न येतो आणि आपण मान हलवतो. ते वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. कोळसा एकदा भिजला की त्याची शोषून घेण्याची ताकद जाते आणि डबा बदलावा लागतो. ऑटो-कट झाला की थांबा, रक्कम कितीही विचित्र दिसो.

पेट्रोल भरून निघताना गाडी चटकन चालू होत नसेल, दोन-तीनदा सेल्फ मारावा लागत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. टाकीतली वाफ थेट इंजिनात घुसते आणि मिश्रण बिघडतं. तपासणी सोपी आहे. काढलेल्या व्हॉल्व्हला वीज नसताना त्यातून हवा आरपार जाता कामा नये. मेकॅनिकला हे समोर करून दाखवायला सांगा.

सकाळी पहिल्यांदा चालू करताना सायलेन्सरमधून काही सेकंद वास येणं साहजिक आहे, कारण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिलं जातं. तोच वास बॉनेटजवळ येत असेल तर इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, ओ-रिंग (गोल रबरी सील) पाहायला हव्यात. जुनी, कडक झालेली रिंग थंडीत आक्रसून पाझरते आणि गाडी तापली की फुगून नीट बसते. त्यामुळे दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत काहीच सापडत नाही. अशी गाडी रात्रभर गॅरेजलाच ठेवावी.

चालत्या गाडीत वास येत असेल तर ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून पाहा, मग आतल्या हवेवर. बाहेरच्या हवेवर वाढला तर गळती बॉनेटखाली आहे, कारण ती हवा समोरच्या काचेच्या पायथ्यापासून आत येते. फरक पडत नसेल तर मागची सीट उचला. बऱ्याच छोट्या गाड्यांत तिच्याखाली झाकण असतं आणि त्याखाली टाकीतला पंप. पंपाचं सील नीट बसलेलं नसेल तर वास थेट आत येतो.

गळतीच्या जागी थेंब दिसेलच असं नाही, पेट्रोल त्याआधीच उडून जातं. मागे राहतो तो धुळीवरचा गडद डाग. नळ्यांची टोकं, क्लिपखालच्या भेगा आणि पावसाळ्यात उंदरांचे दात लागलेल्या जागा बॅटरीच्या उजेडात बारकाईने बघा. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं नसतं, ते २० टक्के मिश्रणात लवकर फुगू किंवा चिरू शकतं. नळी बदलायची तर इंधनासाठी बनवलेलीच घ्या. इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत साधारण तीन-चार बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून जोड घरी सोडवू नका, फवारा थेट डोळ्यांत जातो.

टाकीच्या बारीक छिद्राला साबण चोळून गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची युक्ती जुन्या मेकॅनिकांना माहीत आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती तेवढ्यापुरती चालते. पण ‘टाकी रिकामी करून वेल्डिंग मारतो’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र हे प्रमाण सहज जुळून येतं, आणि वेल्डिंगची ठिणगी पडली की स्फोट होतो.