घराचा ताबा आणि शाळेचा दाखला

मार्चअखेर जवळ आली की बँकांची वसुली जोर धरते. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या दैनिकांत ‘ताबा नोटीस’ छापून येते: बारीक टाइपात कर्जदाराचं नाव, थकबाकी, मिळकतीची चतुःसीमा. त्या चतुःसीमेच्या आत राहणारी मुलं कितवीत आहेत, याला रकाना नसतो. याच दिवसांत दहावीची परीक्षा चालू असते आणि खालच्या वर्गांची तोंडावर आलेली असते.

कायद्याचं कॅलेंडर आधी पाहू. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं खातं, होतं. मग २००२ च्या सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर दिवाणी दावा न लावताच बँक गहाण घराचा ताबा घेऊ शकते. दारावर नोटीस चिकटते, दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. बहुतेक वेळा आधी कागदोपत्री ताबा, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष, आणि शेवटी लिलाव. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून दाराला सील लागेपर्यंत किमान पाच महिने जातात, बहुधा बरेच जास्त. शाळेच्या हिशेबात एक अख्खं सत्र! आणि हे सत्र मूल त्याच घरात बसून अभ्यास करत काढतं. नुकसान मोजायचं तर सुरुवात इथून करावी लागते, लिलावाच्या तारखेपासून नाही.

पोरांना कुणी सांगत नाही, तरी कळतं. वसुलीवाल्याचा फोन आला की वडील उठून अंगणात जातात, आई ‘घरात नाहीत म्हणून सांग’ म्हणते. असा ताण महिनोन्महिने टिकला की शरीरात कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचं चक्र बिघडतं, आणि त्याचा मार बसतो तो मेंदूच्या कामचलाऊ स्मृतीवर. बेरजेतला हातचा लक्षात ठेवते ती ही स्मृती. वाक्याचा शेवट वाचेपर्यंत सुरुवात धरून ठेवायची, तर तीच लागते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणाचा जितका जास्त काळ गरिबीत गेला, तितकी तरुण वयात ही स्मृती तोकडी आढळली. आणि त्या दोहोंमधला दुवा होता शरीरावर साचलेला ताण. ‘पोराचं अभ्यासात ध्यान नाही’ ही तक्रार अशा घरात ऐकू आली, तर तो आळस आहे असं मी तरी लगेच म्हणणार नाही.

आईबापांचंही तेच. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्याला ऊस तुटण्याआधी, हात आखडलेला असताना, आणि पैसे हातात आल्यानंतर अशी दोनदा कोडी घातली. आधीच्या वेळी उत्तरं कमी बरोबर आली. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण बिलाची वाट पाहत बसलेला ऊसवाला कसा असतो, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ज्याच्या डोक्यात हप्ता आहे, तो पोराची वही कधी उघडून बघणार?

यानंतर येतो खरा फटका: शाळा बदलणं. अमेरिकेत २००७ नंतर गृहकर्जांचा डोलारा कोसळला, तेव्हा जप्तीत गेलेल्या घरांतल्या मुलांचा आकडा २०१२ च्या एका अंदाजानुसार २३ लाख होता. न्यूयॉर्क शहरातल्या संशोधकांनी जप्तीच्या नोटिसा आणि शाळांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. जप्तीच्या फेऱ्यात सापडलेल्या घरांतली मुलं शाळा बदलण्याची शक्यता जास्त होती, आणि ती ज्या नव्या शाळांत गेली तिथले सरासरी गुण जुन्या शाळांपेक्षा कमी होते. टेक्सासमधल्या एका मोठ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जिथे मुलांची ये-जा सतत चालते, तिथे जागच्या जागी असलेल्या मुलांचंही शिक्षण मागे पडतं, कारण शिक्षकाला धडा पुन्हापुन्हा मागे न्यावा लागतो.

एक शंका रास्त आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, म्हणून तर हप्ते थकले. मग गुण घसरले ते घरामुळे की मूळ संकटामुळे? पूर्ण फोड कुणालाच करता येत नाही. म्हणून संशोधक त्याच मुलाचे आधीचे आणि नंतरचे गुण लावून बघतात, किंवा त्याच शाळेतल्या, तशाच घरच्या मुलांशी तुलना करतात. अशी चाळणी लावली की परिणाम लहान होतो, पण वर्षाच्या मध्यात शाळा बदलण्याचा तोटा बहुतेक अभ्यासांत शिल्लक राहतो.

आपल्याकडे याला वेगळे पदर आहेत. वाळूजच्या एमआयडीसीत कंत्राटी काम सुटलं, रो-हाऊस गेलं, तर कुटुंब गावाकडे परततं. इंग्रजी शाळेतलं मूल जिल्हा परिषदेच्या मराठी वर्गात बसतं. काल ‘फ्रॅक्शन’ होतं ते आज अपूर्णांक होतं. कधी थोरला शहरात काकाकडे राहतो आणि धाकटी आजोळी जाते. घरमालकाचं कर्ज थकलं, तर ज्याने एक पैसाही बुडवला नाही तो भाडेकरूही बाहेर पडतो, हे सहसा लक्षातच येत नाही. खेड्यात सरफेसीचा हात शेतजमिनीपर्यंत पोहोचत नाही, कायद्यानेच ती वगळली आहे. पण पतसंस्थेचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हुकूम, असतो. आणि व्याजाच्या पैशापोटी सावकाराने आधीच करून घेतलेलं खरेदीखत असतं. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी मिळकत परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवची ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. तो घाव कितीतरी खोल होता, माणसंच गेली होती. तरी एक फरक नजरेत भरतो. तिथे गाव मिळून हललं; शेजारी, सवंगडी, गुरुजी बरोबर होते, आणि घर पडल्याची लाज कुणाला नव्हती. जप्तीत एकटंच कुटुंब उठतं, तेही शक्यतो कुणाला न सांगता. वर्गातल्या मित्रांचा निरोप घेणंसुद्धा राहून जातं.

या सगळ्यात घर वाचवणं हे शिक्षकाच्या हातात नाही, मुलाची शाळा टिकवणं मात्र बऱ्याच अंशी आहे. अमेरिकेत १९८७ चा मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. घर गमावलेल्या मुलाला त्याच्या हिताचं असेल तर जुन्याच शाळेत राहू द्यायचं आणि ने-आणीची सोयही करायची, असं आज तो कायदा सांगतो. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात असं काही नाही. त्याच्या कलम ५ ने मिळतं ते एवढंच: मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ पाहत असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. थकलेल्या फीपायी दाखला अडकला असेल, तर पालकांनी हे कलम दोन्ही शाळांत दाखवावं. पण या कायद्याचं संरक्षण ६ ते १४ वयाच्या, आठवीपर्यंतच्या मुलांना आहे. नववीतल्या मुलीचं घर गेलं तर तिच्यासाठी हे कलम नाही. तिथे शक्य असेल तर एप्रिलपर्यंत नातेवाइकांकडे ठेवून तिचं वर्ष जुन्याच शाळेत पुरं करू द्यावं, आणि बँकेशी बोलताना ताब्याची तारीख परीक्षेनंतरची मागावी. ही मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.