ग्रँट, डफ, कनिंगहॅम: एका माणसाची तीन आडनावं

मराठ्यांच्या इतिहासावर वाद घालताना आपण 'डफ म्हणतो' असं बिनदिक्कत लिहून टाकतो. पण साताऱ्यात असताना हा माणूस डफ नव्हताच. तेव्हा तो कॅप्टन जेम्स ग्रँट. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारचा अधिकारी एल्फिन्स्टननं १८१८ साली त्याला साताऱ्यास नेमलं. १८२२ पर्यंत छत्रपती प्रतापसिंहांच्या राज्याचा कारभार त्यानं पाहिला आणि पुढं प्रकृती साफ बिघडल्यावर तो स्कॉटलंडला परतला. तिथं त्याला एडनची जमीनदारी मिळाली, तीही आईकडची. आई मार्गारेट मिल्न डफ १८२४च्या ऑगस्टमध्ये वारली. वर्षभराच्या आतबाहेर एडन मुलाकडं आलं आणि सोबत डफ हे आडनावही. म्हणून १८२६ साली त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास छापून निघाला तो जेम्स ग्रँट डफच्या नावानं.

आपल्याकडं दत्तक गेलेला मुलगा नव्या घरचं आडनाव लावतो. इथं दत्तकविधान वगैरे काहीच नाही. जमीन आजोळची, म्हणून आडनावही आजोळचं, एवढाच मामला. स्कॉटलंडच्या छोट्या जमीनदारांत, म्हणजे लेअर्ड मंडळींत, हे सर्रास चालायचं. १६८५च्या कायद्यानं त्यांना जमीन जणू कुलूपबंद करण्याची सोय दिली होती. ती कुणामागून कुणाकडं जायची याचा क्रम आधीच लिहून ठेवायचा. वारसाला ती विकता येत नसे आणि त्याच्या सावकारालाही तिला हात लावता येत नसे. त्यातच पुष्कळदा अट असे की वारसानं घराण्याचं नाव आणि ढालचिन्ह लावावं. मुलगा नसेल तर मुलीचा मुलगा चालेल, पण त्यानं आपलं नाव बदलावं.

अशा घराण्याचा माग काढताना नवखा माणूस आधी मृत्युपत्र शोधतो आणि फसतो. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये मृत्युपत्रानं जमीन देताच येत नसे. त्यात सापडतात भांडीकुंडी, गुरं, येणी-देणी. जमिनीसाठी १६१७ पासून सुरू झालेली सासीनची नोंदवही पाहावी लागते. सासीन म्हणजे ताबा. हा ताबा कागदावर आटोपत नसे. जमीन देणाऱ्याचा माणूस, घेणाऱ्याचा माणूस, नोटरी आणि साक्षीदार असे सगळे प्रत्यक्ष शेतावर जात. तिथलीच मूठभर माती आणि एक दगड हातात ठेवला जाई, आणि मग नोटरी ते लिहून काढी. १८४५ पर्यंत हे असंच चालू होतं. साताऱ्यात वतनदारांची दप्तरं चाळलेल्या ग्रँटला घरच्या या रीतीचं नवल वाटलं नसावं!

या कागदांची एक गोष्ट मला फार आवडते. लग्न झालेल्या बाईला तिथं बहुधा माहेरच्या आडनावानंच नोंदवतात, पुढं 'अमक्याची पत्नी'. इंग्लंडच्या कागदांत बाई लग्नानंतर हरवते, तशी इथं हरवत नाही. आणि या घराण्यात तर सगळी मदार बायकांवरच आहे. वडील जॉन ग्रँट किनकार्डिन ओनीलचे. जेम्स दहाएक वर्षांचा असताना ते वारले. ग्रँट हे स्पे नदीच्या खोऱ्यातलं मोठं कूळ, त्यामुळं नुसता 'जेम्स ग्रँट' शोधू गेलात तर ढीगभर निघतील. त्यातून १७८९चा त्याचा जन्म बान्फ गावचा, म्हणजे बान्फशायरचा, आणि चार-पाच मैलांवरचं एडन मात्र आबर्डीनशायरात.

तिसरं आडनावही बायकोमुळं आलं. १८२५ साली त्यानं जेन कॅथरीन एन्स्लीशी लग्न केलं. तिचे वडील भारतीय औषधींवर ग्रंथ लिहिणारे डॉक्टर सर व्हाइटलॉ एन्स्ली. १८५० साली तिला तिच्या आईच्या घराण्याची फाइफमधली जमीन मिळाली आणि साठी ओलांडलेला आपला इतिहासकार जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ झाला.

थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायचं, ही स्कॉटिश रीत. वंशावळ जुळवणारे तिच्यावर फार विसंबतात. त्या हिशेबानं १८२९ साली जन्मलेला मुलगा जॉन व्हायला हवा होता. त्याचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे पुण्याच्या जुन्या साहेबाचं. हाच मुलगा पुढं १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता.