एआय कायदा आणि ‘कशासाठी?’ हा प्रश्न

‘युरोपात एआयवर बंदी आली’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. तसं काहीही झालेलं नाही. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला आणि त्यातली काही ठरावीक वापरांवरची बंदी २ फेब्रुवारी २०२५पासून लागू झाली. बाकीचे वापर चालूच आहेत. धोका जितका मोठा, तितक्या अटी कडक.

हा धोका ठरवतात कसा? कायद्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. फार मोठ्या मॉडेलांसाठी (मॉडेल म्हणजे यंत्रणेच्या आतला, डेटावरून शिकलेला भाग) वेगळे नियम आहेत, पण एरवी बघतात ते यंत्रणा कशासाठी वापरणार एवढंच. समजा, नोकरीसाठी बायोडेटांचा ढीग आलाय. पीडीएफमधून नाव, शिक्षण, अनुभव उचलून तक्त्यात भरणारं सॉफ्टवेअर निव्वळ कारकुनी करतं, त्यामुळे ते कडक अटींच्या ‘उच्च जोखीम’ गटाबाहेर राहू शकतं. त्याच सॉफ्टवेअरने उमेदवारांना गुण देऊन क्रम लावला, की ते थेट त्या गटात जातं. आतलं मॉडेल तेच असलं तरी! मग प्रशिक्षणाचा डेटा एकांगी नाही ना हे तपासा, तांत्रिक कागदपत्रं ठेवा, कामाच्या नोंदी आपोआप होतील अशी सोय करा, आणि यंत्राचा निकाल फिरवू शकेल अशा माणसाची देखरेख ठेवा.

खरी मेख पुढे आहे. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला घेतलेला चॅटबॉट तुमच्या एचआरने अर्ज छाटायला जुंपला, तर कायद्याच्या लेखी त्या यंत्रणेचे पुरवठादार, म्हणजे ती बाजारात आणणारे, तुम्हीच ठरता. वरच्या सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्या गळ्यात.

कामाच्या ठिकाणी किंवा शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रणा, वैद्यकीय वा सुरक्षेचं कारण नसेल तर, सुरुवातीला सांगितलेल्या बंदीतच येते. अशा यंत्रणांच्या शास्त्रीय आधाराबद्दल कायद्याच्या प्रास्ताविकातच गंभीर शंका नोंदवली आहे. चेहरा बघून स्वभाव-भविष्य सांगणाऱ्या मुखसामुद्रिकाला कॅमेरा जोडला म्हणून त्याचं विज्ञान होत नाही, हे आपल्याकडेही ठणकावून सांगायला हवं.

बंदी मोडणाऱ्या मोठ्या कंपनीला साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनी युरोपातलीच हवी असंही नाही. पुण्यात तयार झालेली यंत्रणा जर्मनीतल्या भरतीसाठी उमेदवारांना गुण देत असेल, तर तीही या कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे करारातला, यंत्रणा कशासाठी वापरायची ते सांगणारा परिच्छेद वकिलाइतकाच, कोड लिहिणाऱ्यानेही नीट वाचावा.