चिनी वाचन आणि वार्धक्य

चिनी वाचन आणि वार्धक्य : चिनी लिपीतील मजकूर वाचताना उतारवयात होणारे बदल. चाळिशी लागल्याने जवळचे धूसर दिसणे कोणत्याही लिपीच्या वाचकाला चुकत नाही आणि चष्म्याने ते बरेचसे भरूनही निघते. त्याचा विचार येथे केलेला नाही. चष्मा लावूनही जो फरक उरतो, तोच या नोंदीचा विषय आहे.

चिनी मजकुरातील प्रत्येक अक्षरचिन्ह सारख्याच आकाराच्या अदृश्य चौकोनात बसते, मग त्यात एक रेघ असो की वीसहून अधिक. पुष्कळसे शब्द दोन चिन्हांचे असतात. मात्र शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नाही. कोणते चिन्ह मागच्या शब्दाचे आणि कोणते पुढच्याचे, हे वाचकाने वाचता वाचताच ठरवायचे असते. (मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना हे नवे वाटू नये, तेथेही आधी ओळभर रेघ ओढून खाली अक्षरे सलग लिहीत.) काही चिन्हांतील भेद अगदी सूक्ष्म असतो. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ या अर्थांची दोन चिन्हे केवळ वरची आडवी रेघ लांब की खालची, एवढ्यावरून ओळखावी लागतात. वयोमानानुसार बारीक व दाट रेषांतील फरक टिपण्याची डोळ्यांची आणि मेंदूची क्षमता मंदावते, त्यामुळे अशी लिपी वृद्धांना अधिक जड जावी हे तर्काला धरून आहे.

वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती सुमारे पाव सेकंद एका जागी टेकते, मग पुढे झेप घेते आणि मधूनच मागे फिरते. एका टेकणीत इंग्रजी वाचकाला उजवीकडील १४-१५ अक्षरांपर्यंतचा मजकूर उपयोगी पडतो, तर चिनी वाचकाला डावीकडील एक आणि उजवीकडील दोन-तीन चिन्हांपुरताच. हा पल्ला आकड्यांत तोकडा दिसला, तरी त्या दोन-तीन चिन्हांत एखाददुसरा पूर्ण शब्द सामावलेला असतो.

या विषयातील मुख्य वाद ‘जोखमीच्या वाचना’चा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर (मृत्यू २०१५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या. वृद्ध वाचक सावकाश वाचतात आणि अधिक वेळा मागे वळतात, हे अपेक्षितच होते. पण ते तरुणांपेक्षा अधिक शब्द ओलांडूनही जातात, असे आढळले. मंदावलेल्या गतीची भरपाई म्हणून पुढचा शब्द संदर्भावरून ताडायचा आणि अंदाज चुकल्यास मागे यायचे, अशी ही रीत असावी, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे काही काळ हे वार्धक्याचेच सर्वसामान्य लक्षण मानले गेले.

चिनी वाचकांच्या अभ्यासाने त्याला छेद दिला. थ्येनचिन नॉर्मल विद्यापीठ आणि इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठ येथील संशोधकांनी या कामात विशेष पुढाकार घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्ध चिनी वाचकांची नजर अधिक वेळा व अधिक काळ टेकत होती, झेपा आखूड होत्या आणि शब्द ओलांडण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा कमी होते. अनेक रेघांच्या गुंतागुंतीच्या चिन्हांवर तर नजर आणखीच रेंगाळे. याला ‘सावध वाचन’ म्हटले गेले. तथापि, वृद्ध चिनी वाचक संदर्भाचा उपयोग करत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. २०१९ च्या एका अभ्यासात वाक्यावरून सहज सुचणाऱ्या शब्दाचा फायदा त्यांना तरुणांहून अधिक होत असल्याचे दिसले. अंदाज बांधला जातो, पण केवळ त्याच्या भरवशावर शब्द टाकून पुढे जाणे होत नाही, असे म्हणता येईल.

ही सावधता कशामुळे, याविषयी एकमत नाही. शब्दांच्या सीमा शोधणे वयपरत्वे कठीण होते, हे उपर्युक्त संशोधकांचे स्पष्टीकरण. इंग्रजी मजकुरातील शब्दांमधल्या जागा काढून टाकल्यास वृद्धांचे वाचन तरुणांपेक्षा अधिक मंदावते, या निष्कर्षाचा त्याला आधार मिळतो. उलट, २००८ च्या एका सुपरिचित प्रयोगात चिनी शब्दांमध्ये मुद्दाम जागा सोडूनही वाचन वेगवान झाले नव्हते. अर्थात तो तरुण वाचकांवरील होता. दुसरे मत चिन्हांच्या दाटीला व शेजारच्या चिन्हांच्या अडथळ्याला महत्त्व देते. दोन्ही कारणे एकत्र काम करत असण्याचा संभव अधिक दिसतो.

मात्र या अभ्यासांत वयाबरोबर पिढीही बदलते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. त्यांत बहुधा पासष्टीच्या आसपासच्या व त्यापुढील व्यक्तींची तुलना विशी-पंचविशीतल्यांशी केलेली असते. २०१६ मध्ये पासष्टी ओलांडलेली व्यक्ती साधारणतः १९५० च्या सुमारास किंवा त्याआधी जन्मलेली. तिचे शालेय शिक्षण लिपीच्या स्थित्यंतरातच झाले. १९५५-५६ मध्ये प्रमुख वृत्तपत्रे उभ्या ओळी सोडून आडव्या ओळींत छापली जाऊ लागली. १९५६ मध्ये सुलभीकृत चिन्हांची योजना आली आणि १९५८ मध्ये रोमन लिपीवर आधारलेली पिन्यिन लेखनपद्धती स्वीकारली गेली. त्याच काळातील साक्षरता मोहिमेत शेतकऱ्याला १,५०० व कामगाराला २,००० चिन्हे येणे पुरेसे मानले जाई. पुढे सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) शाळा-महाविद्यालये विस्कळीत झाली. तेव्हा सावध वाचन कितपत वयाचे आणि कितपत या पिढीच्या शिक्षणाचे, हे केवळ दोन वयोगटांच्या तुलनेतून ठरणार नाही. तैवान व हाँगकाँग येथे पारंपरिक चिन्हेच प्रचलित राहिल्याने तेथील वृद्धांशी तुलना येथे उद्बोधक ठरेल.

२०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये साठ व त्यापुढील वयाचे सुमारे २६.४ कोटी लोक (१८.७ टक्के) होते. २०२१ पासून संकेतस्थळे व मोबाइल ॲप ज्येष्ठांना सोयीची करण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. मोठा टंक आणि सुटसुटीत पडदा हा तिचा दृश्य भाग. टंकलेखनाची अडचण वेगळी आहे. पिन्यिनसाठी प्रमाण उच्चार माहीत असावा लागतो, आणि बोलीभाषेत वाढलेल्या अनेक वृद्धांना तो सराईतपणे येत नाही. ते पडद्यावर बोटाने चिन्ह रेखाटतात किंवा आवाजी संदेश पाठवतात. याउलट पिन्यिनवर वाढलेल्या तरुणांना चिन्ह वाचता येते, पण हाताने लिहिताना आठवत नाही, अशी तक्रार चीनमध्ये सर्रास ऐकू येते.