आरव्ही कॅम्पग्राउंडवरची केबल टीव्ही जोडणी

आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, अंघोळीची सोय असलेली गाडी किंवा गाडीमागं ओढायचा ट्रेलर. अमेरिकेत आणि कॅनडात अशा गाड्या भाडं भरून उभ्या करायच्या जागेला कॅम्पग्राउंड म्हणतात, तिथं प्रत्येक गाडीच्या जागेपाशी कमरेएवढी पेटी रोवलेली असते, तिला पेडेस्टल म्हणतात. त्यात ३० किंवा ५० अँपिअरचा विजेचा सॉकेट असतो आणि बऱ्याच ठिकाणी केबलचा आटेवाला पॉइंटही. तिथून गाडीच्या अंगावरच्या पॉइंटपर्यंत वायर टाकून टीव्ही लावणं एवढाच ह्या नोंदीचा विषय, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या वेगळ्या.

उगम : केबल टीव्ही मुळात डोंगरांमुळं आला, पण पहिला कुणी आणला ह्यावर एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटीत जॉन वॉलसन ह्यांचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं, फिलाडेल्फियाची स्टेशनं डोंगराआड असल्यानं गावात चित्र दिसत नव्हतं, आणि चित्र नाही म्हणजे टीव्ही खपत नाहीत, म्हणून त्यांनी डोंगरावर अँटेना उभारून वायर खाली गावात आणली. हे १९४८ च्या जूनमध्ये झालं असं ते सांगत, पण नंतरच्या आगीत दुकानाची कागदपत्रं जळाली, त्यामुळं ही तारीख मुख्यतः त्यांच्याच सांगण्यावर उभी आहे. तरीही अमेरिकन काँग्रेसनं आणि केबलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं मान त्यांनाच दिला. दुसरा दावा ऑरेगनमधल्या अस्टोरियाच्या एड पार्सन्स ह्यांचा. सिएटलचं केआरएससी हे स्टेशन २५ नोव्हेंबर १९४८ ला सुरू झालं आणि पार्सन्सनी हॉटेल अस्टोरियाच्या गच्चीवरच्या अँटेनातून वायर रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात नेली. आर्कान्सामधल्या टकरमनचे जिमी डेव्हिडसन हे तिसरे दावेदार, तेही १९४८ चेच. पुराव्याच्या दृष्टीनं पार्सन्सची बाजू जरा भक्कम वाटते, कारण स्टेशन सुरू झाल्याची तारीख पक्की आहे. मात्र पैसे घेऊन घरोघर जोडण्या देणारा व्यवसाय असा अर्थ घेतला तर पेनसिल्व्हेनियातल्याच लॅन्सफर्डच्या रॉबर्ट टार्लटनना (१९५०) डावलता येत नाही. त्यांची यंत्रणा जेरॉल्ड कंपनीची होती, आणि आज पेडेस्टलवर दिसतो तो आटेवाला पॉइंट, म्हणजे एफ कनेक्टरही त्याच कंपनीतल्या एरिक विन्स्टन ह्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केला असं सहसा मानतात.

कॅम्पग्राउंडची गोष्ट नंतरची. केओए ही साखळी मोंटानातल्या बिलिंग्जला १९६२ मध्ये सुरू झाली. बरीच कॅम्पग्राउंडं दरीत किंवा झाडीत असतात, तिथं छतावरच्या अँटेनाला स्टेशनं नीट सापडत नाहीत, म्हणजे महानॉय सिटीचीच अडचण, फक्त घराला चाकं.

जोडणी : वायर ७५ ओहमची कोएक्स (मधे तार आणि भोवती जाळी असलेली टीव्हीची गोल वायर), आरजी-६ जातीची बरी. जुन्या गाड्यांत बारीक आरजी-५९ सापडते, तिच्यात सिग्नल जास्त गळतो. कनेक्टरच्या तोंडातून मधली तांब्याची तार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावली पाहिजे, आणि बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू जरी तिला टेकला तरी सिग्नल तिथंच मेला. गाडीच्या बाजूला बऱ्याचदा दोन पॉइंट असतात, एक केबलचा, एक सॅटेलाइटचा. चुकून दुसऱ्यात लावलं तर सिग्नल अनेक गाड्यांत टीव्हीमागच्या कपाटातल्या एका मोकळ्या टोकाशी जाऊन थांबतो आणि माणूस बाहेर पेडेस्टलला दोष देत बसतो.

खरी गंमत बूस्टरच्या बटणाची. दूरदर्शनच्या जमान्यात गच्चीवरच्या अँटेनाला बूस्टर लावलेले लोक इथं हमखास फसतात, कारण मुंग्या दिसल्या की बूस्टर चालू करायचा ही सवय हाताला असते. आरव्हीत टीव्हीजवळच्या भिंतीत विनेगार्ड किंवा तत्सम कंपनीची छोटी पट्टी असते, तिच्यावर बटण आणि बारीकसा दिवा. दिवा लागला म्हणजे गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट कोएक्समधून छतावरच्या अँटेनाला जातायत आणि टीव्हीला अँटेनाच जोडलेला आहे, बाहेरून आलेली केबल तेव्हा तुटलेली असते. दिवा विझवला की केबल आत येते. म्हणजे केबल बघायला बूस्टर बंद पाहिजे, आणि तो केबलचा सिग्नल वाढवतो हा समज तर साफ चुकीचा.

त्यानंतर टीव्हीच्या मेन्यूत अँटेनाऐवजी केबल निवडून चॅनल नव्यानं शोधायचे. हे का लागतं ते थोडं सांगायला हवं. २ ते १३ नंबरचे चॅनल हवेत आणि केबलवर जवळपास एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, पण चौदावा हवेत ४७० मेगाहर्ट्झला तर केबलवर १२० च्या आसपास, त्यामुळं अॅनालॉग काळात मेन्यू चुकला तर खालचे बारा चॅनल छान दिसायचे आणि वरचे सगळे गायब, आणि लोकांना वाटायचं कॅम्पग्राउंडनंच हात आखडता घेतलाय. डिजिटलमध्ये भाषाच बदलली, हवेत ८-व्हीएसबी आणि केबलवर क्वाम अशा सिग्नल पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, मग चुकीच्या मेन्यूत काहीच सापडत नाही.

२०१२ नंतर : पूर्णपणे डिजिटल झालेल्या केबल कंपन्यांना मूळ पॅकेजही कुलूपबंद करायची, म्हणजे बॉक्सशिवाय दिसणार नाही असं करायची मुभा एफसीसी ह्या अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार नियामकानं ऑक्टोबर २०१२ मध्ये दिली. योगायोग असा की मुंबईत सेटटॉप बॉक्सच्या सक्तीची मुदतही त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संपली, म्हणजे वायर थेट टीव्हीत खुपसायचे दिवस दोन्हीकडं एकदमच सरत आले. परिणामी काही कॅम्पग्राउंडं ऑफिसात डिपॉझिट घेऊन बॉक्स देतात, तर काही स्वतःच्या खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर (चित्र पुन्हा केबलच्या चॅनलवर चढवणारं यंत्र) मांडून मोजके चॅनल उघडे सोडतात. अशा ठिकाणी ऑफिसातून चॅनलची यादी मागून घ्यावी. शेवटच्या जागांपर्यंत सिग्नल पोचता पोचता दमतो, शिवाय दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येक फाट्यावर साधारण साडेतीन डेसिबल जातात.

उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकनं २०२२ मध्ये आरव्हीसाठी वेगळी सेवा आणली, वायफाय तर आधीपासून होतंच, त्यामुळं बऱ्याच कॅम्पग्राउंडांनी केबल बंद केली. पेटीतला पॉइंट तसाच राहतो, म्हणून आटे दिसले म्हणजे सिग्नल असेलच असं नाही.

निघताना वायर आधी पेडेस्टलकडून सोडतात, टोपण लावतात, आणि छतावरचा हँडलनं वर केलेला अँटेना खाली आलाय का ते बघतात. तो वर ठेवून निघालेल्यांना पहिली खालची फांदी आठवण करून देते.