पालीची भिंतीवरील पकड

भिंत, काच व छत यांवर पायांच्या बोटांनी चिकटून राहण्याची पालीची क्षमता. ठाण्यातील घरांत आढळणाऱ्या पिवळ्या पोटाच्या पालीच्या (हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस) बोटांखाली आडव्या पट्ट्या असून त्यांवर केराटिनाचे (नखे व केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचे) सूक्ष्म रोम असतात. टोकाय गेको या पालीच्या मोठ्या जातीत एका पायावर सुमारे 5 लाख रोम असतात. प्रत्येक रोमाची शेकडो टोके पळीसारखी पसरट असतात व त्यांची रुंदी 0.2 मायक्रोमीटरच्या आसपास असते.

पायांत चिकट स्राव नसतो. हवेच्या दाबाने पाय चिकटतो ही जुनी कल्पना निर्वात जागेतील प्रयोगांनी टिकली नाही. खरा वाद स्थिर विद्युत व रेणूंमधील आकर्षण यांच्यात आहे.

स्थिर विद्युतेची कल्पना 1904 च्या सुमारास मांडली गेली. 1934 मध्ये संशोधक डेलिट यांनी क्ष-किरणांनी हवा आयनित केली, म्हणजे तिच्यात विद्युतभारित कण निर्माण केले, जेणेकरून स्थिर भार निघून जावा. तरीही पाल धातूवर चिकटून राहिली. हा निर्णायक पुरावा मानणे मात्र घाईचे होते : पाय व पृष्ठभाग यांमधील फटीत आयन शिरतातच, असे त्यातून सिद्ध होत नाही. 2000 साली केलर ऑटम व सहकाऱ्यांनी एकाच रोमाचे बल मोजले. ते सुमारे 200 मायक्रोन्यूटन भरले. 2002 मध्ये त्यांनी दाखवले, की पाणी धरणाऱ्या व पाणी झटकणाऱ्या, दोन्ही पृष्ठभागांवर पकड जवळजवळ सारखीच असते. पकड पाण्याच्या थरावर अवलंबून असती, तर तिच्यात फरक पडला असता. त्यावरून व्हान डर वाल्स बले, म्हणजे रेणूंमधील क्षीण आकर्षण, हे मुख्य कारण ठरले. ही बले अंतराबरोबर फार झपाट्याने घटतात, म्हणूनच टोके इतकी बारीक असावी लागतात. 2014 मध्ये कॅनडातील इझादी व सहकाऱ्यांनी दोन बहुवारिकांवर (प्लास्टिकसारख्या पदार्थांवर) पालीच्या पायाचा विद्युतभार मोजून पकड स्पर्शजन्य विद्युतेमुळेच, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना लागल्याने निर्माण होणाऱ्या भारामुळेच, ठरते, असे प्रतिपादन केले.

हे मोजमाप महत्त्वाचे आहे, पण त्यातील एक बहुवारिक टेफ्लॉनच्या जातीचे, म्हणजे भार सहज घेऊन धरून ठेवणारे होते. चुन्याच्या भिंतीला तो निष्कर्ष लावताना सावध राहावे लागते. खाडी आणि येऊरचे डोंगर यांच्यामधील ठाण्यात जुलैत हवा इतकी दमट असते, की केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलत नाही. ओलसर पृष्ठभागांवरून भार निघून जातो. पाल मात्र ट्यूबलाइटजवळ उलटी बसून पाखरे टिपते. स्पर्शाच्या क्षणी नवा भार निर्माण होत असू शकतो, त्यामुळे एवढ्याने वाद मिटत नाही. तरी व्हान डर वाल्स बले मुख्य व विद्युतभार पूरक, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दमटपणाने पकड वाढते, हे 2005 मध्ये आढळले. त्याचे श्रेय काहींनी पाण्याच्या पातळ थराला, तर 2010 च्या अभ्यासाने केराटिन मऊ पडण्याला दिले.

पकड सोडवताना पाल बोटे टोकाकडून वर गुंडाळते. रोमाचा पृष्ठभागाशी असलेला कोन सुमारे 30 अंशांपलीकडे गेला, की तो सुटतो.

घोरपडीच्या पायांना असे रोम नसतात. ती नखांनी धरते.