वादळग्रस्तांची घरं उभारायला चर्चच्या गटाबरोबर जायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

हेलीन वादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात ओढे-नद्या घरांत शिरल्या. ॲशव्हिल, स्वानानोआ, मार्शल, चिमनी रॉक ही गावं तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक झाली. डोंगरात राहणाऱ्या बहुतेकांकडे पुराचा विमा नव्हता. काहींचं घर वाचलं, पण घराकडे जाणारा ओढ्यावरचा खासगी पूल वाहून गेला. शार्लटहून ॲशव्हिल दोन-सव्वादोन तास, रॅलेहून चारेक तास. तिथल्या मराठी मंडळींना सुट्टी काढून हातभार लावावासा वाटतो, आणि वाटायलाच हवा.

घरं पुन्हा उभी करण्याचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर चर्चचे गट करतात: मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, लुथरन, आणि १९५० पासून हेच काम करणारी मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस. काम विनामूल्य असतं आणि घरमालकाचा धर्म विचारला जात नाही. अर्जाचा फॉर्म दहा मिनिटांचा आहे. पण आपल्याकडच्या लोकांचे अर्ज परत येतात ते कौशल्य नाही म्हणून नव्हे. नाव, तारीख आणि कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून येतात. त्यामुळे खाली फॉर्मपेक्षा या अडणाऱ्या जागांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी कुठल्या कामाला अर्ज करताय ते ठरवा

वादळानंतरची कामं दोन प्रकारची असतात आणि त्यांचे अर्जही वेगळे असतात. पहिली तातडीची: छपरावर ताडपत्री घालणं, पडलेली झाडं कापणं, चिखल आणि भिजलेलं सामान बाहेर काढणं. यासाठी मेथडिस्टांसारखे गट आधी प्रशिक्षण मागतात आणि ते झाल्यावर बॅज देतात. बॅज नसेल तर त्या तुकडीत घेत नाहीत. दुसरं काम पुनर्बांधणीचं: फ्रेमिंग (लाकडी सांगाडा), ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते), फरशी, दारं-खिडक्या, रंग. त्याला असा बॅज लागत नाही, पण ते सुरू व्हायलाच काही महिने जातात आणि मग काही वर्षं चालू राहतं.

लोक पहिल्या महिन्यात पुनर्बांधणीसाठी अर्ज करतात, 'सध्या जागा नाही' असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. उशीर लागण्यामागे कारण आहे. घरमालकाला आधी विमा, मग फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत यंत्रणेची) मदत, मग सरकारी कर्ज असे सगळे दरवाजे ठोठवावे लागतात. एकाच नुकसानीसाठी दोन ठिकाणचे पैसे चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं उत्तर कागदावर हवं. उरलेली गरज घेऊन त्यांची केस स्थानिक 'दीर्घकालीन पुनर्वसन गटा'पुढे जाते आणि तिथे साहित्याचे पैसे कोण देणार, मजूर कोण देणार हे ठरतं. त्यातही घर पूररेषेत असेल आणि दुरुस्तीचा खर्च वादळाआधीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर ते आताच्या नियमांप्रमाणे, बहुधा उंचावर, बांधावं लागतं. हे सगळं होईपर्यंत तुमच्या हातांना तिथे काम नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बातम्या थांबलेल्या असतात आणि माणसं मिळत नाहीत. अर्ज तेव्हाही करा. कुठल्या घरात काम करायचं ते तुम्ही निवडू शकत नाही, ओळखीचं घर सुचवायचं असेल तर त्या कुटुंबालाच पुनर्वसन गटाकडे पाठवा.

कोण जाऊ शकतं

ख्रिश्चन असायलाच हवं का, हा पहिला प्रश्न असतो. आठवडाभराच्या कामासाठी बहुतेक गटांत कुठल्याही धर्माचे लोक चालतात. सकाळी छोटी प्रार्थना होते, जेवणाआधीही होते. त्या वेळी शांत बसलं तरी पुरतं. महिनोन्‌महिने राहून साइट सांभाळण्याच्या जबाबदाऱ्यांसाठी मात्र काही गट श्रद्धेचं निवेदन मागतात, ते सही करण्याआधी नीट वाचा. साइटवर आणि मुक्कामाच्या जागी दारू चालत नाही. शाकाहारी असाल तर ते फॉर्ममध्येच लिहा. शंभर मैलांवरून आठवड्याचा शिधा आणून झाल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकघरातल्या माणसांची पंचाईत होते.

वयाची अट गटागणिक वेगळी. एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळीकडे सारखी: १८ वर्षांखालच्यांना छपरावर चढू देत नाहीत आणि विजेवरच्या करवतीला हात लावू देत नाहीत. अमेरिकेच्या कामगार कायद्यात पगारी कामासाठी ही बंदी आहेच, गट तीच स्वयंसेवकांना लावतात. मुलांसाठी रंगकाम, सामान उचलणं, साफसफाई असते. कॉलेजच्या अर्जात लिहायला 'छप्पर घातलं' असं हवं म्हणून नेऊ नका.

नाव

पार्श्वभूमी तपासणी (आधीचे गुन्हे वगैरे आहेत का ते बघणं) हा सर्वांत मोठा अडथळा आहे. मुलं किंवा वृद्ध आसपास असणार म्हणून बरेच गट ती मोठ्यांसाठी सक्तीची करतात आणि ती बाहेरची कंपनी संगणकावर करते. संगणकाला आपली नावं कळत नाहीत. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात, गाडीच्या परवान्यावर ते मधलं नाव, बँकेत फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचा पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि जुनी कागदपत्रं माहेरच्या नावाची. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') छापलेलं असतं आणि खरं नाव आडनावाच्या जागी जातं.

उपाय साधा आहे. गाडीच्या परवान्यावर किंवा राज्याच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, नोंदणी, तपासणी आणि जबाबदारीमुक्तीच्या (इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही अशा) फॉर्मवर लिहा. 'आणखी कुठली नावं वापरली आहेत' हा रकाना लोक लपवाछपवी वाटेल म्हणून रिकामा सोडतात. तो भरा, माहेरचं नाव तिथेच लिहायचं.

एसएसएन नसेल तर

एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) कामाची परवानगी नसलेल्या अनेकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे एसएसएन, नसतो, आणि ऑनलाइन फॉर्म त्याशिवाय पुढे सरकत नाही. मग कुणी करासाठी मिळालेला आयटीआयएन टाकतं. तो ९ ने सुरू होतो आणि एसएसएन कधीच ९ ने सुरू होत नाही, त्यामुळे यंत्र तिथेच बाद करतं. काही जण नवऱ्याचा क्रमांक टाकतात, ते तर चक्क चुकीची माहिती देणं झालं. फॉर्म तिथेच थांबवा, समन्वयकाला ईमेल करा, 'माझ्याकडे एसएसएन नाही, पासपोर्ट आणि राज्याचं ओळखपत्र आहे, तपासणीचा दुसरा मार्ग सांगा.' अर्धवट फॉर्म बघून तुमची अडचण कुणालाही कळत नाही.

व्हिसा

'पगार घेत नाही म्हणजे झालं' एवढ्यावर जाऊ नका. काम धर्मादाय संस्थेचं हवं, एरवीही स्वयंसेवकच करतात असं हवं आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळता कामा नये. भत्ता, भेटकार्ड, 'पेट्रोलचे म्हणून' वरचे पैसे नाकारा. काही गट राहण्या-जेवणाचे पैसे घेतात, काही घेत नाहीत. व्हिसावर असाल तर आपला खर्च आपण द्या आणि पावती जपा. एफ-वन विद्यार्थ्यांनी जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर लेखी ठेवावं. अनुभव मिळेल म्हणून खासगी ठेकेदाराकडे फुकट राबणं ही स्वयंसेवा नव्हे, त्याने व्हिसा धोक्यात येतो.

भारतातून खास या कामासाठी येणाऱ्यांसाठी बी-वन या तात्पुरत्या भेटीच्या व्हिसावर्गात स्वयंसेवेची तरतूद आहे. त्यासाठी तुम्ही एखाद्या मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेचे सदस्य असल्याचं दाखवावं लागतं आणि अमेरिकेतल्या संस्थेचं पत्र लागतं. बहुतेकांकडे नसतो तो कागद हाच. पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, भारतातला कायमचा पत्ता, अमेरिकेत पहिल्यांदा जिथे जाणार तिथलं नाव-पत्ता आणि कामाचा अपेक्षित कालावधी एवढं सगळं हवं. 'हे सद्गृहस्थ आमच्याकडे मदतीला येत आहेत' अशा दोन ओळींच्या पत्राने भागत नाही. मुलांकडे फिरायला आलेल्या आई-वडिलांनी 'आलोच आहोत तर' म्हणून आठवडाभर साइटवर काम करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. प्रश्न त्यांच्या पुढच्या प्रत्येक व्हिसाचा आहे.

ऑफिसला हवं असलेलं पत्र

स्वयंसेवेची पगारी रजा घ्यायची तर ऑफिस संस्थेचं ५०१(सी)(३) पत्र, म्हणजे करमुक्त धर्मादाय दर्जाचा कागद, मागतं. चर्चकडे मागितलं तर 'आमच्याकडे नाही' असं उत्तर येतं आणि दोघंही एकमेकांवर वैतागतात. गोष्ट अशी की अमेरिकेत चर्चला या दर्जासाठी आयकर खात्याकडे अर्जच करावा लागत नाही, म्हणून अनेकांकडे स्वतःचं पत्र नसतं आणि खात्याच्या ऑनलाइन यादीत नावही सापडत नाही. ऑफिसचा संगणक 'संस्था सापडली नाही' म्हणून मोकळा होतो, आणि त्यापुढे बघायची तसदी कुणी घेत नाही. तुम्ही चर्चकडे त्यांच्या संप्रदायाचं सामूहिक मान्यतेचं पत्र, आपण त्यात मोडतो असं चर्चच्या लेटरहेडवरचं पत्र आणि ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक) मागा. ते जमत नसेल तर यजमान मदतसंस्थेच्या किंवा पुनर्वसन गटाच्या नावाने रजा मागा, त्यांच्याकडे बहुधा स्वतःचं पत्र असतं.

तारखा

अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. १२ च्या पुढचा दिवस चुकीच्या रकान्यात टाकला तर फॉर्म ओरडतो, पण १२ च्या आतला असेल तर चूक मुकाट्याने स्वीकारतो. जन्मतारीख अशी उलटी गेली की तपासणी दुसऱ्याच माणसाची होते किंवा जुळतच नाही, आणि ते कळेपर्यंत आठवडा निघून गेलेला असतो.

दुसरा गोंधळ मुदतीचा. संघासाठी आठवडा राखून ठेवायची एक तारीख असते आणि सगळ्यांची नावं, फॉर्म, तपासण्या पूर्ण करायची दुसरी, जी येण्याच्या बऱ्याच आधी असते. त्या दुसऱ्या तारखेला अर्ज *पाठवलेला* नव्हे, तपासणी *झालेली* लागते. संघप्रमुखाने आपल्या लोकांना त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख सांगावी.

मुलांचे कागद आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

१८ खालच्यांसाठी वैद्यकीय संमतीपत्र नोटरी केलेलं मागतात. घरी सही करून नोटरीकडे नेऊ नका, सही त्याच्या समोर करायची असते. बँका आपल्या खातेदारांना ही सेवा अनेकदा फुकट देतात. मूल आई-वडिलांशिवाय जाणार असेल तर बहुतेक गट एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोन मोठे सोबत मागतात. काका-काकू मिळून हिशेबात एकच धरले जातात.

धनुर्वाताचा डोस दहा वर्षांच्या आतला असावा. 'कधीतरी घेतलं होतं' हे फॉर्मवर लिहिता येत नाही, आणि भारतातलं कार्ड कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही. फार्मसीत पुन्हा घ्या आणि छापील नोंद मागून घ्या. गंजलेले खिळे असलेल्या लाकडात हात घालायचा आहे.

साइटवर

कौशल्याच्या रकान्यात खरं लिहा. 'काहीच येत नाही' चालतं, तिथे शिकवतात. अर्ध्या इंची चार बाय आठ फुटी ड्रायवॉलचा एक तक्ता वीसेक किलो भरतो, पाठीचं दुखणं असेल तर तेही लिहा. एन-९५ मास्क दाढीवर नीट बसत नाही, बुरशीच्या घरात ते महत्त्वाचं आहे.

विजेचं आणि नळाचं काम परवानाधारकच करतात. ते झालं की भिंती बंद करण्याआधी सरकारी तपासनीस येऊन बघतो, आणि लाकडातला ओलावा मीटरवर १५ टक्क्यांच्या खाली यावा लागतो. यातलं काही राहिलं तर ड्रायवॉलला आलेल्या संघाला रंगाचं काम मिळतं किंवा दुसरं घर. कुरकुर करू नका. ओल्या लाकडावर भिंत लावली तर आत बुरशी धरते आणि त्या कुटुंबाचं घर दुसऱ्यांदा फोडावं लागतं.

रोज हजेरीपटावर नाव, तारीख, जागा, काम आणि तास लिहा. संध्याकाळी थकून लोक 'दिवसभर' एवढंच लिहितात. फेमाच्या सार्वजनिक मदतीत स्थानिक वाटा साधारण २५ टक्के असतो आणि राडारोडा उचलण्यासारख्या पात्र कामातले स्वयंसेवकांचे नोंदवलेले तास त्यात धरता येतात. 'दिवसभर' म्हणजे किती तास हे हिशेबनीस ठरवू शकत नाही, म्हणून ती ओळ गळते आणि गावाचा तेवढा पैसा जातो. 'सकाळी ८ ते १२, दुपारी १ ते ४, भिंतीचा भिजलेला तक्ता काढून रस्त्याकडेला टाकला' असं लिहा.

दहा जणांचं नाव दिलं आणि सहाच येणार असतील, तर कळल्या दिवशी कळवा. त्या चार जागांसाठी दुसरा संघ थांबलेला असतो.